निर्गुडीचा लेप आणि नणंदेची सून

आमच्या नणंदेच्या सुनेसारखी बाई अख्ख्या भिवंडीत शोधून सापडायची नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे, कारण अशा दोघी असत्या तर गावात कुणाला सुखाने दुखणंसुद्धा काढता आलं नसतं. ती औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवते आणि झाडपाल्यातला नेमका कोणता अंश ठणका थांबवतो, सूज उतरवतो, ते तपासते. आता कुणी म्हणेल, कॉलेजातलं काम कॉलेजात. पण तिचं तसं नाही. तुम्ही-आम्ही माणूस भेटलं की ‘बरं आहे ना’ म्हणतो, ही म्हणते, ‘दुखतंय का कुठे? दहापैकी किती?’ वडप्याला एका लग्नात वरातीच्या गर्दीत तिच्या चुलतसासऱ्यांच्या पायावरून कुणाची तरी स्कूटर गेली. बायका पाणी घेऊन धावल्या, पुरुष स्कूटरवाल्याच्या अंगावर धावले, आणि ही त्यांच्यासमोर उकिडवी बसून विचारते, ‘काका, किती?’ काका कळवळून म्हणाले, ‘आठ.’ ‘आणि आत्ता?’ ‘तू विचारायला लागल्यापासून नऊ.’ तिने मान डोलावली, जणू काकांनी फार मोलाची माहिती दिली.

सूज नुसती बघून सांगितलेली तिला चालत नाही. मागे माझा घोटा सुजला तेव्हा मी कौतुकाने पाय पुढे केला, तर तिने माझं भाताचं मोठं पातेलं पाण्याने काठोकाठ भरलं, परातीत ठेवलं आणि मला म्हणाली, ‘मामी, पाय बुडवा.’ परातीत सांडलेलं पाणी मापाने मोजलं, मग पातेलं पुन्हा भरून दुसरा पाय बुडवायला लावला, तेही पाणी मोजलं. दोन्हींतला फरक म्हणजे माझी सूज. कॉलेजात उंदरांच्या सुजलेल्या पायांचं असंच मोजतात म्हणे. मी म्हटलं, ‘म्हणजे मी आणि उंदीर एकच का गं?’ तर म्हणते, ‘नाही मामी, ते हलत नाहीत.’ त्या पातेल्यात पुढे महिनाभर मला भात लावावासा वाटला नाही.

उंदरांवर तिचा भारी जीव. विद्यार्थ्यांना ती ‘अरे गाढवा’ म्हणते, पण उंदरांना अहो-जाहो. मी एकदा तिच्या कॉलेजात गेले होते, तेव्हा पिंजऱ्यापाशी वाकून ‘या, बसा, आज जरा त्रास देणार आहे’ असं म्हणताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. प्रयोग संपून उंदीर मारावे लागतात, त्या दिवशी घरी येऊन गुपचूप जेवते. तिचं म्हणणं एकच, ‘ज्यांना दुखवलं, त्यांचं मोजमाप तरी खोटं लिहू नये.’

आणि तिचा तो कायमचा प्रश्न, ‘तुलनेला कोण?’ चहा घेऊन माझं डोकं दुखायचं थांबलं म्हणावं, तर ही विचारते, ‘आणि चहा घेतला नसता तर? तुलनेला कोण होतं?’ तिचा नवरा, म्हणजे माझा भाचा, एकदा वैतागून म्हणाला, ‘मामी, तिला विचार, माझ्याशी लग्न करताना तुलनेला दुसरा कोणी ठेवला होता का?’ ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘ठेवला होता. निकाल जाहीर करायची परवानगी नाही.’

पण सगळ्यांत मोठी गोष्ट लेपाची. माझी नणंद भिवंडीजवळच्या कोन गावात राहते, आणि तरुणपणापासून तिचा निर्गुडीच्या पाल्याचा लेप पंचक्रोशीत नावाजलेला. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभं राहून पाय सुजलेले कामगार, सुताच्या कांड्या भरून भरून मनगटं धरलेल्या बाया, सगळी नणंदेच्या ओटीवर यायची. लग्न होऊन आल्यावर सुनेने सासूला पहिला प्रश्न कोणता विचारला असेल, ते मी सांगायला नको. दुसरी सासू असती तर माहेरी धाडली असती. आमची नणंद म्हणाली, ‘मला काय म्हाईत? माझ्या आयनं लावला, मी लावते. तू शिकलेली हायस, तूच सांग, गुन हाय का न्हाय.’ तेव्हापासून त्या सुनेने वर्षानुवर्षं त्या पाल्याची पाठ सोडली नाही. पाला सुकवला, अर्क काढला, त्या अर्काचे भाग पाडले. घराला असा वास की पाहुणे दारातच विचारायचे, कुणाला लागलंय का. उंदरांची सूज उतरली. मग कुठे कॉलेजच्या समितीची परवानगी मिळाली आणि माणसांची पाळी आली. मी पहिला हात वर केला, तर म्हणाली, ‘घरची माणसं चालत नाहीत, मामी.’

आमच्या नारपोलीच्या आणि तिकडे कोनच्या गल्ल्यांतल्या, मनगट दुखणाऱ्या बाया निवडल्या. सह्या-अंगठे झाले. प्रत्येकीला मलमाचा एक डबा. अर्ध्या डब्यांत खरं औषध, अर्ध्यांत नुसतं मलम, पण रंग तोच, वासही तोच. कुणाच्या डब्यात काय, ते बायांना ठाऊक नाही, तिलाही नाही, ती यादी कॉलेजात दुसऱ्याकडे कुलपात. बाया आमच्या विहाराच्या हॉलमध्ये यायच्या आणि ही त्यांची मनगटं पाण्यात बुडवायची. सगळ्यांनाच आराम. मी आनंदले, तिचा मात्र चेहरा उतरत चालला. शेवटी यादी उघडली, तर खऱ्या औषधाच्या बाया आणि नुसत्या मलमाच्या बाया, दोन्हीकडे गुण सारखाच. म्हणजे औषधात काही नाही. नणंदेचा जन्मभराचा लेप पाण्यात गेला.

बायांना हे सांगायला ती हॉलमध्ये आली. सगळं ऐकून झाल्यावर आमच्या शेजारची आपा म्हणाली, ‘लेकिन मॅडम, मेरा डिब्बा तो बहोत अच्छा निकला था. इसीलिए सबको थोडा थोडा दिया.’

‘सबको?’

‘अब बाजूवाली रात को रो रही है, मैं अकेली कैसे लगाऊँ?’

पलीकडची म्हणाली, ‘मी पण माझ्यातला दिला ना हिला. हिने दिलेला डबा रिकामा कसा परत करायचा?’ कोनला चौकशी केली, तिथेही तेच. भाजीच्या वाटीसारखे डबे घरोघर फिरले होते, खरं औषध आणि नुसतं मलम सगळ्यांच्याच मनगटांना लागलं होतं. एकीने तर शेळीच्या गुडघ्याला लावलं होतं, आणि शेळीलाही उतार पडला म्हणे. मला वाटलं, आता ही रडेल. ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं ते मी विचारलं नाही.

कॉलेजातल्या मोठ्या सरांनी वाट काढून दिली. ज्या थोड्या बायांचे आकडे औषधाच्या बाजूने दिसतात, त्यांनी डबे वाटले नाहीत असं धरा, बाकीच्या गाळा, कोण विचारतंय. तिने ऐकून घेतलं आणि सगळा अभ्यास बाद करून लिहून दिलं की चूक बायांची नाही, मांडणीची आहे. मी म्हटलं, ‘अगं, आता बायांना दम भर, वाटू नका म्हणून.’ ती म्हणाली, ‘त्या वाटणारच, मामी. मीच तसा विचार करायला हवा होता.’ आता तिने नवी मांडणी केली आहे. एका गल्लीला एकच प्रकारचा डबा, म्हणजे किती का वाटेनात. तुलना बाईशी बाईची नाही, गल्लीशी गल्लीची. पण त्यासाठी गल्ल्या पुष्कळ हव्यात, परवानग्या पहिल्यापासून, आणि वर्षं किती लागतील ते तीही सांगत नाही. मी साधी बाई, मला त्यातलं सगळं कळतं असं नाही. पण हातचं सोडून पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात मी कोनला गेले होते. नणंद आता फार थकली आहे, ओटीवर पडून असते. सून तिच्याजवळ बसून पाला निवडत होती. नणंदेने विचारलं, ‘काय गं, हाय का गुन माझ्या निगडीच्या पाल्यात?’

मला वाटलं, आता तरी हो म्हणेल. म्हातारीचं मन राखायला कोण कुठली तुलना मागणार होतं?

ती म्हणाली, ‘अजून माहीत नाही, आई.’

नणंदेने कूस वळवून सुनेच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘बरं. मग थांबते मी.’