चपलांची रांग

त्याचं नाव मला ठाऊक नाही, करूनही घ्यायचं नाही. आमच्या डोणगावात दवाखान्याच्या दाराशी रांगेत चप्पल ठेवायची आणि कडुनिंबाखाली बसायचं. चपलेचा नंबर तोच आपला. हा गाडीतून उतरला, सगळ्या चपला पायाने उधळल्या आणि पहिल्या जागी स्वतःचे चकचकीत बूट काढून ठेवले.

तापलेली नात मांडीवर घेतलेली म्हातारी म्हणाली, "भाऊ, लाइन लागेल हाये."

"चपला बिमार हायेत काय वं बुढे?" म्हणत तो आत शिरला.

बाहेर आला तेव्हा एक बूट कुत्र्याने पळवला होता.

"माह्या बुटाले कोनं हात लावला बे?" तो आमच्यावरच ओरडला.

आम्ही मुकाट शोधायला उठलो. बूट मला सापडला. मी तो झटकून त्याच्या पायाशी ठेवला.

त्या झटकण्याने अजून माझं डोकं फिरतं.