थोरल्या साडूंची बॅटरी

आमच्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या छत्तीसगडात नव्हता, आणि हे मी रायपूर राजधानी झाल्यानंतरचं सांगतोय, म्हणजे भोपाळहून हट्टी माणसं ट्रक भरभरून सामानासकट उतरल्यानंतरचं. पण त्यांचा हट्ट बंगल्यासाठी असे, खुर्चीसाठी असे. आमच्या साडूंचा हट्ट मोटारीच्या बॅटरीसाठी होता. ती मरायला टेकली आहे हे पुरानी बस्तीतल्या गाईंनाही कळलं होतं; साडूंच्या मते मात्र ती ‘थोडी थकून राहिली’ होती.

या थकल्या जिवाची त्यांनी जी सेवा केली ती जन्मदात्यांचीही कुणी करत नाही. टोकांवर पांढरी बुरशी चढली की तिला गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग टूथब्रशनं घासायचं. तो ब्रश घरात कुणाचा, हे विचारायची सोय नव्हती. थंडीत तिला गाडीतून काढून देवघराशेजारी पोत्यावर निजवायचं. गाडी नेहमी उतारावर लावायची, म्हणजे ढकलायला बरी. आता रायपूर हे पोळपाटासारखं सपाट गाव, पण साडूंनी त्यातूनही उतार हुडकले होते. सदर बाजारात जायचं तर गाडी लांब तलावाच्या पाळीवर ठेवून सगळं कुटुंब उन्हातून पायी निघे. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, घाम पुसत म्हणे, “याच्यापरीस रिक्षा केला असता.” यावर साडू आश्चर्यानं म्हणत, “रिक्षा काहून? गाडी हाय न आपल्याजवळ!”

एकदा मीही त्या गाडीत सापडलो. शंकर नगरात मंत्र्यांचा ताफा जायचा होता म्हणून पोलिसानं रहदारी अडवली होती. आमचा धूर पाहून तो आला. “भैया, गाड़ी बंद करो.” “बंद नहीं होती,” साडू म्हणाले. सुरू होत नाही म्हणणारे त्यानं पुष्कळ पाहिले असतील, बंद होत नाही म्हणणारा हा पहिलाच. त्यानं खिडकीतून हात घालून स्वतःच किल्ली फिरवली. ताफा गेला, रस्ता मोकळा झाला, मागे हॉर्नचा कल्लोळ उठला, आणि तोच पोलीस टोपी काखेत मारून आमची गाडी ढकलू लागला. साडू मान बाहेर काढून म्हणाले, “बोला था न आपको.”

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण मग भंडाऱ्याला एकट्या राहणाऱ्या आमच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या, हात मोडला, आणि लेकींकडे कायमचं यायला एवढी वर्षं नकार देणारी ती बाई एकदाची ‘हो’ म्हणाली. तो होकार किती टिकेल याची कुणालाच खात्री नव्हती. मेहुणीनं निक्षून सांगितलं, “आधी बॅटरी बदलवा, मग निघा.” दुकानदारानं तपासून सांगितलं, “शहर में चला लो भैया, सफर में मत ले जाना.” साडू म्हणाले, “त्याले विकाची हाय, तो असाच बोलन.” तरी रोज संध्याकाळी बॅटरी बदलायचं ठरे. रोज सकाळी गाडी एखाद्या कण्हण्यानंतर सुरू होई आणि ठराव रद्द होई. मी विचारलं, “वाटेत देवरीच्या जंगलात बंद पडली तर?” “काहून पडन? तुम्ही साडूभाऊ लय अशुभ बोलून राहिले!”

शेवटी माझी बायको खोली लावायला घरी राहिली आणि आम्ही तिघं त्याच बॅटरीवर निघालो. भंडाऱ्यापर्यंत इंजिन बंद करायचं नाही, असा हुकूम होता. राजनांदगावला ते दोघं चहा प्यायला उतरले तेव्हा मी शिलाई मशीनवर बसल्यासारखा अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसलो होतो. माझा चहा मला खिडकीतून मिळाला, तोही गार.

सासूबाईंनी गल्लीत कुणालाच सांगितलं नव्हतं. “सांगितलं का रडारड होते. मले नाही जमत ते. उजाडाच्या आत निघू,” असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी एका हातानं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि कोरड्या डोळ्यांनी गाडीत येऊन बसल्या. साडूंनी किल्ली फिरवली. खट्. पुन्हा फिरवली. खट्. मेहुणी कपाळाला हात लावून म्हणाली, “झालं समाधान?” मी जे म्हणालो ते इथे लिहिता येत नाही. साडू उतरले. आम्ही दोघांनी खांदा लावला, पण गाडी जागची हलेना.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. शेजारची म्हातारी डोळे चोळत ओट्यावर आली. “काहून वो माय, एवढ्या सकाळी कुठं चालली?” म्हातारीनं कुलपाकडे पाहिलं, गाडीतल्या ट्रंकेकडे पाहिलं, आणि मोठ्यानं हाकच मारली. बघता बघता सारी गल्ली जागी झाली. कुणी चादरीसकट आलं, कुणी तोंडात दातवण घेऊन. बाया खिडकीशी दाटल्या. एकीनं तव्यावरच्या गरम पोळ्या डब्यात भरून आणल्या. म्हातारी सासूबाईंचा धडका हात धरून नुसती उभी राहिली, आणि सासूबाई लहान मुलीसारख्या हमसून रडल्या.

मग पुरुषांनी गाडी ढकलली. ती सुरू झाली. साडूंनी वेग घ्यावा, इंजिन तापवावं, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. पण बाया सोबत चालत होत्या, म्हातारीनं हात सोडला नव्हता, आणि साडू तिच्या पावलांच्या बेतानं पार नाक्यापर्यंत गाडी नेत राहिले.

सासूबाई पुढे रायपूरला आमच्याकडे सुखानं राहिल्या. भंडाऱ्याचा विषय निघाला की ती सकाळ सांगायच्या. कोण कोण आलं, कुणी काय दिलं, कोण किती रडलं, अगदी नावानिशी. साडू तेव्हा मान खाली घालून ऐकत बसायचे. बॅटरीचं नाव मीही कधी काढलं नाही.