मशीन फिरलं तेव्हा मंगळसूत्र माझ्या गळ्यात

बायकोचं डोकं दुखायचं थांबंना. सुंठ उगाळून लावली, कपाळ बांधलं, काही फरक न्हाई. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "आत गाठबीठ आहे का बघू. स्कॅन करा." गाठ म्हणल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही मात्र स्कॅनच्या दिवशी टेंभुर्णीपासून जालन्यापर्यंत एसटीत शेजारणीला भरताची वांगी कशी निवडायची ते सांगत बसली.

स्कॅनवाला म्हणाला, "मावशी, नाकातलं, कानातलं, गळ्यातलं सगळं काढा. धातू चालत नाही."

नाकातली फुली निघाली, कानातलं निघालं. मंगळसूत्रावर अडली. "नवरा समोर जिता उभा हाये. गळा मोकळा कसा करू?"

"ताटलीत ठेवा, कुठं जात नाही."

"ताटलीत ठेवायला ते काय पोहे हायेत?" मंग माझ्याकडं वळली. "तुमी घाला. दोघांत एकाच्या तरी गळ्यात राहू द्या."

घातलं. वरून उपरणं ओढलं तरी वाट्या बाहेर. बाकावरची बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मामा, हळदीकुंकू लावू का?"

"लाव की. वाण काय देतीस?"

सगळे हसले. पण आत मशीनची घरघर सुरू झाली अन् मी वाट्या मुठीत घट्ट धरल्या.

ती बाहेर आल्यावर स्कॅनवाल्यानं समजावलं, "एकाच बाजूनं फोटो काढला तर पुढचं-मागचं एकावर एक येतं. हे डोक्याभोवती फिरतं, सगळ्या बाजूंनी टिपतं. ते सगळं जुळवून कॉम्प्युटर आतलं एकेक काप दाखवतो."

मी चौथी शिकलेला, पण हे बराबर कळलं. दारात बैल विकायला आला की आमचं असंच चालायचं. मी दात बघायचो, मेव्हणा मागून चाल बघायचा, ही वशिंडावर हात ठेवायची. एकट्याचं खरं धरायचं न्हाई. तिघांचं जुळलं की सौदा.

तसं मी बोललो तर ही म्हणाली, "मंजे माझा बैलच केला की! दात तेवढे बघायचे राह्यले."

डॉक्टरांनी कापं बघितली. गाठ नव्हती. कपाळाच्या पोकळीत सर्दी साचली होती. मी तिथंच मटकन बसलो.

"बसता काय? आधी माझं ते द्या इकडं," ती म्हणाली. "तुमाला लई शोभून राह्यलंय. मंग परत मिळायचं न्हाई."

त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. गेली ती दुसऱ्याच आजारानं, माझ्याआधी. तिला तसंच पाहिजे होतं. लेक गळ्यातलं काढाय लागली तेव्हा मी म्हणलं, "काळे मणी राहू दे. वाट्या मला दे."

दोऱ्यात ओवून शर्टाच्या आत घालतो. बाहेर डोकावल्या की गल्लीतल्या बाया हसतात. हसू द्या.