डोंगरात चालून जाईल

वासंती गुप्ते यांना राग यायला वेळ लागत नसे, पण त्या रविवारी आला तो मुक्कामालाच राहिला.

त्यांचा मुलगा विश्वास सकाळीच गाझियाबादहून मयूर विहारला आला, दोन बशा पोहे खाल्ले आणि आपल्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "आई, तुझा प्रॉब्लेम सॉल्व्ह. माझी गाडी घेऊन जा."

प्रॉब्लेम साधा होता. वासंतीबाईंची धाकटी बहीण अलकनंदा अल्मोड्याला राहते. तिकडच्याच एका मास्तरांशी लग्न करून गेली, मास्तर वारले, आणि मार्चमध्ये तिची डावी बाजू लुळी पडली. घर वरच्या रस्त्यावर, फिजिओथेरपीचं केंद्र खाली बाजारात. आठवड्यातून तीनदा न्यायलाच हवं, नाहीतर हात गेला म्हणून समजा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. टॅक्सीवाले त्या चढावर यायला कां-कूं करतात. तेव्हा सहासष्टाव्या वर्षी दिल्लीचं बिऱ्हाड आवरून तिकडे जायचं वासंतीबाईंनी ठरवलं, आणि एक लहान, कमी पेट्रोल पिणारी गाडी शोधायला घेतली. चौऱ्याऐंशी सालापासून त्या या शहरात गाडी हाकत होत्या. त्यांना कुणाची शिकवणी नको होती.

"आणि तू कशाने फिरणार?"

"मी नवी घेतोय. ही डिझेल आहे ना, नोव्हेंबरात दहा वर्षं पूर्ण. म्हणजे दिल्ली, गाझियाबाद सगळीकडे बंद. एनओसी काढायची, तिकडचा नंबर घ्यायचा, बस. डोंगरात बिल्कुल चालून जाईल."

वासंतीबाईंच्या हातातला कप बशीवर आपटला.

हे वाक्य त्यांचंच होतं. एका केंद्रीय खात्याच्या मुख्य कार्यालयात त्यांनी छत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा तर वाहनांच्या फायलींवर. साहेबलोकांसाठी नवी जीप आली की जुनी कुठे पाठवायची? डोंगरातल्या केंद्राला. 'डोंगरात चालून जाईल,' असं म्हणत वासंतीबाई टिपणावर वळणदार अक्षरात लिहीत, 'फील्डसाठी योग्य'. एकदा पिथौरागढहून विष्णू पंत नावाच्या ड्रायव्हरचं पत्र आलं. हँडब्रेक धरत नाही, चढावर थांबलो की शेजारी बसलेले सर्वेअर उडी मारून चाकामागे दगड लावतात. बाईंनी त्यावर शेरा मारला, 'स्थानिक दुरुस्ती करून घ्यावी', आणि डबा खायला गेल्या. पुढच्या पत्रात सर्वेअरची दोन बोटं गेली होती. तेही पत्र फायलीला लागलं. जीप तिथेच राहिली.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तुझी गाडी कशी चालून जाते ते बघायला."

सोसायटीच्या गेटाशी गवंड्याने विटांचा ढीग टाकला होता. त्यातली एक त्यांनी उचलून मागच्या सीटवर ठेवली. विश्वास म्हणाला, "आई यार, सीट खराब होईल." त्यांनी ऐकलं नाही. स्टिअरिंग स्वतः हातात घेतलं आणि गाडी थेट एका मॉलच्या तळघरात नेली. दिल्लीच्या या बाजूला डोंगर नाही, पण पार्किंगमधून वर येणारा गोल चढ मात्र घाटासारखा वळतो. रविवारी सकाळी तिथे चिटपाखरू नव्हतं.

चढाच्या मध्यावर त्यांनी गाडी थांबवली. वळण घेता घेता पुढचा बंपर भिंतीला घासून आधीच किंचाळला होता.

"उतर. वीट घे. मागच्या चाकाला लाव."

"आई, हे काय नाटक..."

"उतर म्हटलं ना!"

तो वीट घेऊन मागे गेला. बाईंनी हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक जरा सैल केला. गाडी सरळ मागे आली. विटेचा कोपरा कडकन फुटला, विश्वास ओरडून भिंतीला चिकटला. बाईंनी ब्रेक दाबला, पहिल्या गिअरमध्ये रेस केली. क्लच जळल्याचा वास तळघरभर पसरला आणि गाडी कण्हत कशीबशी वीतभर पुढे सरकली. वरून गार्ड शिट्टी मारत धावत आला, "मैडम, गाड़ी हटाइए!"

"हटाती हूँ, भैया, दो मिनट!" बाई खिडकीतून ओरडल्या आणि मुलाकडे वळल्या. "तिथे वीट कोण लावणार रे? मावशी? एका हाताने?"

विश्वासने उरलेली अर्धी वीट उचलून भिंतीच्या कडेला ठेवली. त्याचे हात विटेच्या भुकटीने लाल झाले होते.

दुपारी शोरूममध्ये सेल्समन विश्वासशीच बोलत होता. "सर, मैडम के लिए ये सबसे बढ़िया, माइलेज देखिए."

"मैडम से बात करो," बाई म्हणाल्या. "चलानी मैडम को है."

त्यांनी त्याला मागे बसवलं, विश्वासला पुढे, एसी लावला आणि पुन्हा तोच मॉल, तोच चढ. कागदावर सगळ्यात जास्त मायलेज देणारी ती गाडी तीन माणसं घेऊन मध्यावर दोनदा बंद पडली. "लहान इंजिन चढावर सारखं पहिल्या गिअरमध्ये रडतं," बाई फणकारल्या, "तिथे तुमचा कागद पेट्रोल भरायला येतो का?" सेल्समनने मग निमूटपणे बाराशे सीसीची दुसरी आणली. आखूड, उंच, कागदावर थोडी कमी मायलेजची. ती मध्यावर थांबली. हँडब्रेकवर उभी राहिली. विश्वास न सांगता उतरून अर्धी वीट घेऊन मागे वाकला होता. गाडी मागे आलीच नाही. पुढे गेली, वळणावर भिंतीला न लागता, आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"हीच," वर पोचल्यावर बाईंनी सांगितलं.

विश्वास धापा टाकत वर आला. घाम पुसत म्हणाला, "मग माझ्या गाडीचं काय? एक जण रानीखेतहून विचारतोय..."

"भंगारात!" त्यांचा आवाज एवढा चढला की गार्ड पुन्हा वळून बघायला लागला. "नोव्हेंबरात भंगारात घालायची, आणि भंगारात घातल्याचा कागद मला अल्मोड्याला पाठवायचा. रानीखेतला माणसंच राहतात, विश्वास. त्यांच्या हातांनाही बोटं असतात."