छातीचा फोटो

दवाखान्यात त्यांना सगळे फोटोबाई म्हणत. एक्स-रेला लोक फोटोच म्हणतात, आणि तळमजल्यावरच्या त्या खोलीत बाई एकतीस वर्षं फोटोच काढत होत्या. माणसाला मशीनसमोर छाती टेकवून उभं करायचं, खांदे पुढे घ्यायला लावायचे, आडोशामागे जायचं आणि हुकूम सोडायचा, "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." आवाज असा खणखणीत की बाहेरच्या बाकावर बसलेले धडधाकट नातेवाईकही श्वास धरून बसत.

रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी त्या अर्धा मिनिट डोळे मिटून उभ्या राहत. ओठ हलत. मग बटण. नवीन लागलेले डॉक्टर हे पाहून एकमेकांना कोपरखळ्या मारत. बाईंना ते दिसे. पण कुणी हसतंय म्हणून एखादी गोष्ट सोडायची, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी त्या इथे फरशी पुसायला लागल्या होत्या. फोटोच्या खोलीत तेव्हा एक म्हातारा टेक्निशियन होता, हाडाचा नास्तिक. ही पोरगी पुसता पुसता वाळत टांगलेल्या फिल्म वाकून वाकून बघते, हे त्यानं हेरलं आणि तिला हाताशी घेतलं. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुवायला त्यानं शिकवलं, छातीतलं पाणी कसं दिसतं, बरगडीची भेग कशी ओळखायची तेही शिकवलं, आणि दोनदा नापास झालेल्या बाईंना तिसऱ्यांदा परीक्षेला अक्षरशः ढकललं. शिकवताना दोघांचं अखंड भांडण चाले.

"तुझा देव कधी फिल्मवर उमटला तर मला हाक मार," म्हातारा म्हणायचा.

"तुमचं तुमच्या बायकोवर प्रेम आहे ना? ते उमटलं की तुम्ही मला हाक मारा," बाई म्हणायच्या.

म्हातारा हसून फिल्म झटकायचा. शेवटच्या आजारात त्यानं आपला फोटो बाईंनाच काढायला लावला, आणि पाहून म्हणाला, "छान आलाय. वाईट आहे, पण छान आलाय." बाईंनी त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि तसं त्याला सांगितलंही. "कर," तो म्हणाला, "फक्त डोस चुकू देऊ नकोस."

बाईंना नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. होता तो धाकटा भाऊ. आईच्या मागे त्यांनीच वाढवलेला, सुतारकाम करणारा, गळ्यानं गोड. प्रार्थनाघरातले बाक त्यानं बनवलेले आणि दर आठवड्याच्या प्रार्थनेत पहिला सूर त्याचाच. त्याला दोन मुली. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, तोवर त्याला खोकला लागला.

दोन महिने त्यानं तो लाकडाच्या भुशावर ढकलला. मग बाईंनी दंडाला धरून त्याला मशीनपुढे उभा केला. उजव्या बाजूला, वरच्या भागात, ढगासारखा पांढुरका डाग. थुंकी तपासली, तीत जंतू सापडले. क्षयरोग. बाईंना हायसंच वाटलं, कारण याला औषध होतं. सहा महिने गोळ्या, न चुकता, आणि माणूस खडखडीत बरा.

पण हे त्याला नीट सांगितलं कुणी? दवाखान्याचे मोठे डॉक्टर हुशार होते, वाचन दांडगं होतं, आणि माणसासाठी त्यांच्याकडे तीन मिनिटं होती. भाऊ उभ्या उभ्या आत गेला नि उभ्या उभ्या बाहेर आला. "मी मरणार का?" एवढंच त्याला विचारायचं होतं, ते राहून गेलं. तिथून तो थेट प्रार्थनाघराच्या उपदेशकाकडे गेला. उपदेशकानं त्याला बसवलं, पाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला आणि तासभर ऐकून घेतलं.

गोळ्या त्यानं सुरू केल्या होत्या; पाचव्या आठवड्यापर्यंत खोकला थांबला, भूक लागायला लागली. भावाला वाटलं, हात ठेवला त्याचाच हा गुण. उपदेशकालाही तेच वाटलं. लबाड नव्हता तो. ठाम होता, आणि ते जास्त अवघड. त्यानं जाहीर केलं की लवकरच आपला सुतार सगळ्यांसमोर उभा राहील आणि आपण कसे बरे झालो ते स्वतःच्या तोंडानं सांगेल.

ही हकिगत बाईंना कळली ती वहिनीकडून. एका दुपारी वहिनी फोटोच्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि पिशवीतून गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडली. एकही फोडलेलं नव्हतं.

"दोन महिने झाले गोळ्या सोडून, ताई. म्हणतात, गोळी घेतली म्हणजे विश्वास नाही असं होईल. आणि आता पुन्हा खोकतायत. पोरी त्यांच्याच खोलीत झोपतात हो."

बाई एप्रन न काढताच भावाच्या कारखान्यात गेल्या. भाऊ एका दाराला रंधा मारत होता.

"गोळ्या का सोडल्यास?"

"बरा झालोय ताई."

"कुणी सांगितलं?"

"माझं मला कळत नाही का? आणि तूच तर मला प्रार्थना शिकवलीस. आता तुलाच ती खोटी वाटते?"

हे बाईंच्या वर्मी लागलं. मग त्या म्हणाल्या, "खरी वाटते म्हणूनच आलेय. चल, फोटो काढू. तू बरा झाला असशील तर फोटोत दिसेल. घाबरतोस कशाला?"

तो घाबरला नाही. ताठ मानेनं आला, श्वास धरला, सोडला. बाईंनी नवी आणि जुनी फिल्म शेजारी शेजारी दिव्यासमोर लावली. डाग खाली उतरला होता आणि त्याच्या मधोमध एक पोकळी पडली होती, बोराएवढी. भावानं दिव्याजवळ वाकून दोन्ही फिल्म पाहिल्या. मग म्हणाला, "तुझं मशीन जुनं झालंय."

थुंकीचा निकालही तेच बोलला. तरी तो साक्ष द्यायला उभा राहणारच होता. शब्द दिला होता म्हणाला.

"मग ह्या दोन्ही फिल्म बरोबर ने. तुझ्या आहेत."

"मला नकोत. तुझ्याकडेच ठेव आणि काय करायचं ते कर," तो म्हणाला आणि पाय आपटत निघून गेला.

त्या आठवड्याची प्रार्थना सकाळची होती. प्रार्थनाघर खचाखच भरलं होतं. पावसाळी हवा म्हणून खिडक्या बंद, पुढच्या रांगेत लहान मुलं मांडी घालून बसलेली. भाऊ उठून समोर आला. बोलायला तोंड उघडलं आणि खोकल्यानं त्याला गाठलं. मुलांच्या तोंडासमोर तो वाकून वाकून खोकला. उपदेशकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जुन्या दुखण्याची ही शेवटची झटापट," तो म्हणाला.

बाई उठल्या.

"ही शेवटची नाही," त्या म्हणाल्या. "आणि आधी खिडक्या उघडा."

कुणी हललं नाही. मग त्या स्वतः गेल्या आणि धाडधाड करत चारही खिडक्या उघडल्या. पिशवीतून दोन फिल्म काढल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या.

"हा माझ्या भावाच्या छातीचा फोटो. ही पहिली फिल्म, ही परवाची. हा पांढरा डाग वाढलाय. हे मधे भोक आहे ना, ते फुप्फुसाला पडलंय. गोळ्यांनी हा बरा होत होता. गोळ्या सोडल्या आणि हे झालं. तो खोकतो तेव्हा हवेतून हे दुसऱ्याला लागतं. पुढच्या रांगेतल्या मुलांना मागे घ्या."

एका आईनं आपलं पोर मागे ओढलं. मग दुसरीनं.

"बाई," उपदेशक शांतपणे म्हणाला, "तुमचा विश्वास कमी पडतोय."

"माझा विश्वास कमी नाही. तुमचा अभ्यास कमी आहे."

"देवाच्या घरात तुम्ही देवाची परीक्षा घेताय?"

"देवाची नाही, तुमची. हा रोग ज्यानं शोधला, औषध ज्यानं काढलं, त्याला डोकं कुणी दिलं? ते दान तुम्ही पायानं लाथाडता आणि वर मला विश्वास शिकवता? हात ठेवा त्याच्या डोक्यावर, रोज ठेवा! त्याला त्याची गरज आहे. पण दुसऱ्या हातानं गोळी द्या."

हे सगळं घडत असताना भाऊ बाजूच्या दारानं निघून गेला होता. बाईंनी त्याला जाताना पाहिलं. हाक मारावीशी वाटली, मारली नाही. फिल्म घाईघाईनं पिशवीत कोंबताना एक कोपरा दुमडला.

दुसऱ्या दिवशी समितीचा निरोप आला: माफी मागितल्याशिवाय प्रार्थनाघरात पाऊल टाकायचं नाही.

दवाखान्यात मात्र बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि मोठ्या डॉक्टरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. त्या गेल्या तर चक्क खुर्ची पुढे केली.

"कमाल केलीत! पुढच्या महिन्यात गावात आपण जाहीर सभा घेतोय, समाजाला धर्म हवा की विज्ञान. तुम्ही बोलायचं. तुमच्यासारख्या श्रद्धाळू बाईचे डोळे उघडले, हे लोकांना पटेल."

"माझे डोळे उघडेच होते साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे मी अजून प्रार्थना करते. आजही केली."

डॉक्टर हसले. "अहो, एका वेळी दोन्ही कसं चालेल? कुठलं तरी एक निवडायला हवं. तो पहिल्या मजल्यावरचा प्रार्थनेचा कोपरासुद्धा आपण बंद करतोय. जुन्या फायली ठेवायला जागा नाही."

तो कोपरा म्हणजे जिन्याशेजारची एक लहानशी खोली. दोन बाक, एक खिडकी. कुठल्याही धर्माचं माणूस तिथे जाऊन बसे.

बाई खुर्चीवरून उठल्या. "साहेब, रिपोर्ट तुम्ही हातात देता. तो घेऊन माणूस जातो कुठे, बघितलंय कधी? मी बघते. त्या खोलीत जातो. अर्धा तास बसतो, मग उठून औषधाच्या रांगेत उभा राहतो. ती खोली बंद केलीत तर तो घरी जाईल, नाहीतर माझ्या भावासारखा तिसरीकडेच जाईल."

"तुमचा भाऊ अंधश्रद्धेमुळे तिकडे गेला."

"माझा भाऊ तुमच्या केबिनमधून गेला. ही खुर्ची आज मला दिलीत, ती त्या दिवशी त्याला दिली असती तर? तुमचं औषध खरं, शंभर टक्के खरं. पण त्यानं विचारलं असतं, मी मरणार का, तर उत्तराला तुमच्याकडे वेळ नव्हता. उपदेशकाकडे वेळ होता, पण औषध नव्हतं. दोघांनी मिळून मारला असता माझ्या भावाला."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. सभेचा विषय तिथेच संपला. संध्याकाळच्या आत बाईंच्या टेबलावर नोटीस आली: दवाखान्याच्या फिल्म परवानगीशिवाय बाहेर का नेल्या, याचा लेखी खुलासा करावा. बाईंनी त्याच कागदाच्या पाठीमागे लिहिलं, "नेल्या. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नेईन." खाली सही ठोकली. त्या वर्षीची त्यांची बढती गेली.

जिन्याशेजारची खोलीही गेली; फायली आल्या. पण बाकांवर बाईंनी हक्क सांगितला. दोन वॉर्डबॉयना हाताशी धरून ते खाली आणले आणि आपल्या खोलीबाहेर बोळाच्या टोकाला खिडकीपाशी ठेवले. कुणी विचारलं तर म्हणत, "पेशंट बसायला." लोक तिथे डोळे मिटून बसू लागले. हटवायला कुणी आलं नाही.

आणि दर आठवड्याला त्या प्रार्थनाघरात जात. आत नाही, बाहेरच्या पायरीवर. आतली प्रार्थना ऐकू येई, ती त्या बाहेर बसून म्हणत, आतल्यांपेक्षा मोठ्यानं. पहिल्या आठवड्यात एकट्या. तिसऱ्या आठवड्यात मूल मागे ओढणारी ती आई येऊन शेजारी टेकली. मग समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांच्या बायकोनं बाहेर बसायला सुरुवात केली, आणि घरी त्यांचं काय झालं कोण जाणे, महिन्याभरात समितीनं निरोप पाठवला की माफी राहू द्या, आत या, फक्त मागे बसा.

"पुढे बसेन," बाईंनी उलट निरोप धाडला, "आणि खिडक्या उघड्या राहतील."

पुढच्या खेपेला त्या पुढे जाऊन बसल्या. खिडक्या उघड्या होत्या. उपदेशकानं त्यांच्याकडे पाहणं टाळलं.

भाऊ प्रार्थनाघरातल्या प्रसंगानंतर नवव्या दिवशी दवाखान्यात आला होता, ताईकडे न पाहता, औषधाच्या खिडकीवर. तिथल्या नर्सनं बाईंना येऊन सांगितलं. बाई अंधाऱ्या खोलीत गेल्या आणि दार लावून रडल्या, कारण तिथे कुणी येत नसे. थुंकी पुन्हा तपासली. नशिबानं जंतू अजून औषधाला दाद देत होते, पण गोळ्या आता नऊ महिने घ्यायच्या होत्या. मुलींची तपासणी झाली. धाकटीला लागण निघाली, तिचंही औषध सुरू झालं. पूर्ण बरी झाली ती. भावाचा मात्र वरचा सूर कायमचा गेला. आता तो खालच्या पट्टीत गातो.

बहीणभाऊ वर्षभर बोलले नाहीत. बोलले ते असे. एका सकाळी तो फोटोच्या खोलीत आला, काहीसा अवघडलेला.

"उपदेशक म्हणतात, आता पूर्ण बरा झालास, साक्ष दे."

"मग?"

"मी म्हटलं, देतो. पण गोळ्यांचंही सांगणार. दोनशे बहात्तर दिवस मोजून घेतल्या आहेत, गाळणार नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मग राहू दे."

"मग तू?"

"तुझाच भाऊ आहे. उभा राहिलो आणि सांगितलं. निम्मे उठून गेले."

"आणि निम्मे?"

"बसले."

बाईंनी एप्रनची गाठ घट्ट केली. बाहेर सहा पेशंट थांबले होते. "बैस मग तूही," त्या म्हणाल्या, "एवढे आटपले की चहा घेऊ," आणि दार उघडून पहिल्याला आत घेतलं.