परीक्षेआधीचं गाऱ्हाणं

माझी नात कॉलेजात ‘क्रीडा मानसशास्त्र’ आणि ‘अभ्यास कौशल्ये’ असे दोन विषय घेऊन आली, तेव्हा मला वाटलं, कॉलेजवाल्यांकडे शिकवण्यासारखं काही उरलेलं दिसत नाही. खेळायचं कसं ते पायांना कळतं आणि अभ्यास करायचा कसा ते आईच्या आवाजावरून कळतं. त्याला वर्ग कशाला?

हसले, पण तोंड फिरवून. पोरीचं तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

ती माझ्याकडे जामसंड्याला राहून शिकते. खो-खोमध्ये भलतीच धीट. पण मागच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात आली आणि ही जागच्या जागी गोठली. आदल्या संध्याकाळी मला घडाघडा म्हणून दाखवलेलं सगळं पुसलं गेलं. कोरा पेपर ठेवून घरी आली आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली.

“आजये, माका सगळा येत होता गो. पण थंय काय सुचाकच नाय.” मग जरा वेळाने, “तो पेपर परत देतंय. ह्या वेळेक पण तसाच झाला, तर कॉलेज सोडतंय आणि मुंबयक काकाच्या दुकानात जातंय.”

काकाचं दुकान वाईट नाही. आवडीने निघाली असती तर मी लाडू बांधून दिले असते. पण ही घाबरून पळणार होती, ते मला नको होतं.

त्या नव्या वर्गातल्या सरांना तिने हे सांगितलं. ते म्हणाले, मैदानावर तू घाबरत नाहीस, कारण तिथे तुझ्या काही गोष्टी ठरलेल्या असतात. खो-खोच्या चौकोनात बसतेस, पायाचा अंगठा मातीत रोवतेस, मनाशी दोन शब्द बोलतेस. तेच परीक्षेला कर. शब्द तुझे तू ठरव. फक्त जे आपल्या हातात नाही, ते त्यात आणू नकोस.

मग ही आरशापुढे उभी राहून म्हणू लागली, “मी शांत आहे. मी सक्षम आहे.”

“ह्या कोणाक सांगतंस गो? तहसीलदाराक?”

“मगे काय म्हणू?”

“गाऱ्हाणा घाल.”

आमच्याकडे कुठलंही काम काढलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गावातला जाणता पुरुष हात जोडून एकेक मागणं मोठ्याने मांडतो आणि ऐकणारे प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ते काही विचार करून म्हणत नाहीत. कानावर पडलं की शिंकेसारखं निघतंच.

“तू कधी घातलंस?” नातीने विचारलं, आणि मला माझी जुनी फजिती सांगावी लागली.

फोंडाघाटच्या शाळेत मी खो-खोची कप्तान होते. म्हणजे मीच मला कप्तान म्हणायचे. बाकीच्या भांडून दमल्या होत्या. एकदा वैभववाडीच्या मुली सामन्याला आल्या. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती, पण मला रीतभात शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. नारळ घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहिले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. “आज आमका जिंकव रे म्हाराजा!” “समोरच्यांचे पाय एकमेकांत अडकव रे म्हाराजा!” ओघात गणिताच्या मास्तरांची बदलीही मागून घेतली. मागून ‘व्हय म्हाराजा’चा असा गजर उठला की माझीच छाती फुगली. आमच्या मुलींना एवढा आवाज कधी फुटला, म्हणून मागे वळून बघते तर काय, वैभववाडीचा अख्खा संघ हात जोडून उभा! सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती त्यांची कप्तान. स्वतःचेच पाय अडकवायला ‘व्हय’ म्हणून बसलेली.

पुढे सामनाभर मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले, आत्ता अडकतील, मग अडकतील. खो मिळाला तरी उठायची शुद्ध नव्हती. हरलो. मास्तर तिथेच राहिले. नारळाचं खोबरंही वैभववाडीवाल्यांनीच जास्त खाल्लं.

नात हसून हसून आडवी झाली. मग उठून म्हणाली, “आजये, सर ताच सांगतत. तू बघी होतंस तेंचे पाय, आणि पळूचा होता तुझ्या पायांनी.”

“तेव्हा खंय होतो तुझो सर? नारळ तरी वाचलो असतो.”

तिचं गाऱ्हाणं तयार झालं. “आधी सगळो पेपर वाचीन रे म्हाराजा. येता ता आधी लिवीन रे म्हाराजा. अडलंय तर पेन खाली ठेवन श्वास घेयन रे म्हाराजा.” रोज संध्याकाळी घड्याळ लावून ती जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसायची आणि मी खोबरं किसता किसता ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. मध्येच एकदा मी ‘पेपर सोपो येवंदे’ घुसवायला गेले. तिने डोळे वटारले. ते आपल्या हातात नव्हतं.

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. ती आत गेली, मी शेजारच्याच मुलाच्या रिक्षात बसून राहिले. पेपर सुरू व्हायची घंटा झाली. मागच्या वेळी ती घंटेनंतर लगेच बाहेर आली होती, म्हणून माझी नजर फाटकावरून हलेना. कोणी आलं नाही. मला राहवेना. हात जोडले आणि हळूच म्हटलं, “पेपर सोपो येवंदे रे म्हाराजा. वर्गातल्या सुपरवायझर बायेक झोप लागांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” पुढून रिक्षावाला.

“तुका कोणी इचारल्यान रे?”

“आजये, तोंडातसून गेला!”

ती आली ती शेवटच्या घंटेनंतरच, बोटं शाईने माखलेली.

“कसो होतो गो?”

“कठीण.” ती रिक्षात चढली. “पण लिवलंय. मधीच एकदा सगळा गेला डोक्यातसून. पेन खाली ठेवलंय, श्वास घेतलंय. मगे परत इला.”

इतका वेळ आवळून धरलेली पदराची गाठ माझ्या हातातून सुटली.

“कठीण कसो?” रिक्षावाला म्हणाला. “आजयेन तर सोपो मागल्यान!”

“आजये!”

“चल रे, रिक्षा काढ,” मी म्हटलं.

घरी येऊन सोलकढी-भात जेवली आणि जी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. मुंबईचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. सुपरवायझर बाईंना झोप लागली होती का, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं.