शुनेमच्या बाईचं पुढचं वाक्य

यरुशलेमच्या बाजारामागच्या गल्लीत रहमीम सित्तोनचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, पण लोक त्याला ओळखत ते त्याच्या पानावरून. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, यहुदी लोक तोरा ह्या धर्मग्रंथातला एक ठरलेला भाग वाचतात आणि त्याच्या जोडीला संदेष्ट्यांच्या पुस्तकातला एक उतारा. रहमीम दर आठवड्याला त्या दोन्हींवर एक पान लिहून सिनेगॉगमध्ये वाटायचा. पुढून तोरा, मागून संदेष्टा. अठरा वर्षं त्यात खंड पडला नाही. माणूस विद्वान नव्हता, पण गंजलेलं कुलूप दोन थेंब तेलाने उघडावं तसं त्याला लिहिता यायचं, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

सगळ्यात गाजलेलं पान शरदातल्या एका आठवड्याचं. त्या आठवड्यात तोरातला अब्राहाम देवाला बळी द्यायला आपल्या पोराला वेदीवर बांधतो, आणि जोडीला असते शुनेमच्या बाईची गोष्ट. त्या निपुत्रिक बाईला अलीशा संदेष्टा न मागता मुलाचा आशीर्वाद देतो. मुलगा होतो, थोडा मोठा होतो, एका सकाळी शेतात डोकं धरतो आणि दुपारपर्यंत आईच्या मांडीवर मरतो. आई त्याला माडीवर, मुक्कामाला येणाऱ्या संदेष्ट्यासाठी ठेवलेल्या खाटेवर निजवते, दार ओढून घेते आणि गाढवीवर खोगीर घालायला सांगते. नवरा म्हणतो, आज ना सण ना शब्बाथ, संदेष्ट्याकडे कशाला? ती म्हणते, सगळं ठीक आहे.

रहमीमचे लोक मूळचे अलेप्पोचे. त्यांची रीत अशी, की उतारा इथंच संपवायचा. पोर वर खाटेवर मेलेलं, आई म्हणतेय ठीक आहे, आणि वाचणारा पुस्तक मिटतो. पुस्तकात गोष्ट पुढे आहे, पोर जिवंतही होतं. पोलंडकडचे लोक तिथवर वाचतात. ह्यांच्या पूर्वजांना जेवायची घाई होती की काय, देव जाणे.

तर त्या ‘ठीक आहे’वर रहमीमने पान लिहिलं होतं. बघा, ह्याला म्हणतात श्रद्धा, पोर गेलं तरी तक्रारीचा शब्द नाही, वगैरे. गल्लीत कुणाचं माणूस गेलं की तो ते पान खिशात घालून भेटायला जायचा आणि सुतकाचे सात दिवस जमिनीलगत बसलेल्या बायांच्या हातात द्यायचा. बाया वाचायच्या, घडी करून ठेवायच्या. त्याला वाटायचं, आपला काही उपयोग होतोय. सांगणाऱ्याचं काय जातं?

वसंतातला पुरीमचा सण झाल्यावर दोन आठवड्यांनी त्याचा एकुलता एक मुलगा असाएल इमारतीच्या पाचव्या मजल्यावर वायरी ओढताना खाली पडला. तेवीस वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी सिनेगॉगचा कारभारी मूसा दूवेक आला. जमिनीलगतच्या स्टुलावर बसलेल्या रहमीमच्या हातात त्याने एक कागद ठेवला. “तुझंच आहे, असाएलच्या बापा,” तो म्हणाला. “वाच. बरं वाटेल.” मूसाच्या मनात काही वाकडं नव्हतं. रहमीमला अक्षर आपलं आहे एवढं दिसलं, पण वाचता येईना. त्याच्या बायकोने, फ्रेदाने, तो कागद घेतला, पुढून-मागून वाचला, चार घड्या घातल्या आणि आपल्या डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारला.

पान बंद पडलं. फ्रेदाने सिनेगॉगची पायरी सोडली. शरद आला तसा मूसा दुकानात येऊन सांगून गेला की नवं होत नसेल तर जुनंच वाटू, आणि उतारा दरवर्षीप्रमाणे तूच वाच. गुरुवारी फ्रेदा मसूर निवडत होती तेव्हा रहमीमने तिला हे सांगितलं.

“वाटा की,” ती म्हणाली. “तुमच्यात बाई तेवढ्यावरच गप्प बसलेली बरी.”

“म्हणजे काय?”

“माझा बाप पोलंडकडचा, त्याच्या सिनेगॉगमध्ये पुढचं वाचायचे. लग्न करून इथं आले, तर तुम्ही तिचं तोंडच दाबलेलं. पुढं काय म्हणते ती, माहिताय ना?”

माहीत होतं. अठरा वर्षं माहीत होतं.

“संदेष्ट्याचे पाय धरते आणि विचारते, मी मागितला होता का मुलगा? मला फसवू नका म्हटलं नव्हतं का? आणि ठीक आहे म्हणे! नवऱ्याला कटवायला म्हणाली ती. चुलीपाशी उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला विचार, दिवसातनं किती वेळा म्हणते. आणि तू त्यावर श्रद्धा शिकवत गावभर फिरलास.”

रहमीम ताटातले मसूर बोटाने सारत राहिला.

“तिला दुपारपर्यंत तरी मिळाला, मांडीवर,” फ्रेदा म्हणाली. “मला फोन आला.” तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. “ह्या शब्बाथला पुरं वाच. पोरगं डोळे उघडेपर्यंत. एकदा.”

“मूसा वाचू द्यायचा नाही. रीत आहे.”

“मूसाचा पोरगा घरी जेवायला येतो.”

रहमीमने वाचतो म्हणून शब्द दिला.

शनिवारी तो वाचायला उभा राहिला. ‘ठीक आहे’ आलं, मूसाने पुस्तक मिटायला हात पुढे केला, आणि रहमीमने पान उलटलं. मूसाने मेजावर थाप मारली. “झालं, रहमीम.” रहमीम वाचत राहिला. पुन्हा थाप. मागून कुणी तरी म्हणालं, “आज त्या पोलंडवाल्यांचा उतारा, उद्या त्यांचे ते गोड मासे खायला घालील.” कुणी हसलं नाही.

गाढवी पळाली, डोंगर आला, बाईने संदेष्ट्याचे पाय धरले. रहमीमने तिचं वाक्य वाचलं, आपल्याच लोकांच्या चालीत. त्या चालीत ते तिथं कधी कुणी ऐकलं नव्हतं. वर जाळीमागे बाया बसल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणींना त्याने ते पान दिलं होतं. वरची कुजबुज थांबली आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या ओळी समोर होत्या. पोराच्या अंगात ऊब येते, ते शिंकतं, डोळे उघडतं. त्याला सगळं दिसत होतं, पण तोंडातून शब्द निघेना. त्याने पुस्तक मिटलं. उताऱ्यानंतरची स्तुती म्हणावीच लागते, की देवा, तुझा एकही शब्द रिकामा परतत नाही. ती तो इतक्या हळू म्हणाला, की फक्त मूसाला ऐकू गेली. मूसा आमेन म्हणाला.

घरी कालपासून मंद आचेवर ठेवलेलं हमीनचं कालवण फ्रेदाने उतरवलं होतं.

“वाचलंस?”

“वाचलं.”

“उघडले त्याने डोळे?”

रहमीम टोपी चाचपत उभा राहिला. “नाही,” तो म्हणाला. “तिच्या वाक्याशी थांबलो. पुढचं माझ्याच्यानं होईना. तुला शब्द दिला होता मी.”

फ्रेदाने त्याला वाढलं. वरचं तपकिरी झालेलं अंडं सोलून त्याच्या ताटात ठेवलं.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “पुरं वाचलं असतंस, तर मी दाराकडं बघत बसले असते.”